बावखल
काही वर्षांपूर्वी बोलीतील शब्द टिपण्यासाठी मी वसईच्या ख्रिस्ती वाड्यांमध्ये हिंडत होतो. एका आजींनी ‘बावखल’ हा शब्द सांगितला. बावखल म्हणजे वाडीतले मातीच्या काठाचे तळे. ते पावसाचे पाणी साठवते, जमिनीत मुरवते. शब्द वहीत आला. आजींचे बावखल मात्र केव्हाच भरावाखाली गेले होते.

याच वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने ‘हरित वसई संरक्षण समिती’ने टँकरच्या बेसुमार पाणीउपशाविरुद्ध लढा दिला. चर्चमधील भाविकांना इतर धर्मीयांचीही साथ लाभली. पुढे २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे पत्र प्रसिद्ध झाले. अशा पत्रांची नावे बहुधा लॅटिन असतात. हे नाव मात्र असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या उंब्रियन बोलीतले. पृथ्वीची हानी आणि गरिबांवरील अन्याय वेगळे काढता येत नाहीत, हे त्या पत्राचे सूत्र. वसईकरांना ते आटत्या विहिरींनी आधीच शिकवले होते.

जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई जलमय झाली, तेव्हा मला ते बुजलेले बावखल आठवले. हवामानबदलाच्या काळात अशी तळी बुजवणे किती महाग पडते, हे उमगले. त्याच वर्षी उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर येत होता. आयुष्यभर मी शब्दांचे मूळ शोधले. त्या पाण्याचे मूळ कोणाच्या विहिरीत आहे, हे मात्र एकदाही विचारले नव्हते.