शरण कोणाला?

आजीची प्रार्थना नेहमी पित्यापासून सुरू व्हायची आणि मध्येच कुठेतरी घसरायची. "हे दयाळू स्वर्गीय पित्या," ती डोळे मिटून म्हणे. मग आजची भाकरी, शेजारच्या बाळंतिणीची तब्येत, माझा गणिताचा पेपर असं करत करत गाडी "आमच्यासाठी तू क्रुसावर जीव दिलास" इथे येऊन पोचे. शब्बाथशाळेतून नुकतंच शिकून आलेला मी एकदा आमेन व्हायच्या आतच बोललो, "अगं आजी, क्रुसावर पिता नव्हता, पुत्र होता!" तिने डोळे उघडले नाहीत. प्रार्थना पुरी केली आणि मग म्हणाली, "दारावर थाप मारताना आत कोण आहे ते आधी विचारतोस का? जवळ असेल तो उघडतो."

या उत्तराला कुठल्याही पाळकसाहेबांनी शून्य मार्क दिले असते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे त्रैक्य; एका घरातले तीन बिऱ्हाडकरू म्हणजे त्रैक्य नव्हे. आणि एकाच नटाचे तीन वेशही नव्हेत. दोन्ही वाटा मंडळीने फार पूर्वीच बंद केल्या. पण पुढे शाळेत मराठी व्याकरण शिकवताना वाटू लागलं, की आजीची घसरण ही तत्त्वज्ञानाची नसून विभक्तीची होती. ख्रिस्ती प्रार्थनेचा जुना साचा असा: प्रार्थना करायची पित्याला, पुत्राच्या द्वारे, पवित्र आत्म्यात. 'ला', 'द्वारे' आणि 'त'. आम्ही शेवटी न चुकता "प्रभू येशूच्या नावाने मागतो" म्हणतो ते या 'द्वारे'पायीच. नाहीतर पुष्कळदा ते पत्राखालच्या सहीसारखं उरकलं जातं.

या एवढ्याशा प्रत्ययांवरून माणसं खरोखर भांडली आहेत. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या कैसरियाचा बिशप बेसिल उपासनेत कधी "पुत्राच्या द्वारे, पवित्र आत्म्यात" पित्याचं गौरव करी, तर कधी "पुत्रासह, पवित्र आत्म्यासह". लोकांनी त्याला धारेवर धरलं, की 'सह' म्हणजे बरोबरी झाली. त्यावर 375च्या सुमारास त्याने पवित्र आत्म्यावर एक अख्खा ग्रंथ लिहिला. त्याचा बराचसा भाग शब्दयोगी अव्ययांचीच चर्चा आहे. व्याकरणाच्या मास्तरला याहून मोठा दिलासा कोणता?

नाशकात वाढलेल्या ख्रिस्ती मुलाला दुसरा एक प्रश्न ठरलेला असतो. त्र्यंबकेश्वराच्या पिंडीत खोलगट जागी अंगठ्याएवढी तीन लिंगं आहेत. ब्रह्मा, विष्णू, महेश. वर्गमित्र म्हणायचा, "तुमचेही तीनच ना?" मी खुशाल मान डोलवायचो, तेवढीच दोस्ती. आता तसं म्हणवत नाही. तिथे उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामाची वाटणी सांगतात. इथे कामासाठी खिडक्या वेगळ्या नाहीत. एकाच मागण्यात तिघेही आहेत. ऐकणारा एक, वाट एक. आणि मागणाऱ्याला शब्द सुचेनात तर पौलाने रोमकरांना लिहिलंय तसं, त्याच्या आतून उसासे टाकत विनंती करणारा आत्माही तोच. म्हणजे आजीच्या दारावरची थाप तरी पुरती आजीची होती का?

मराठीने आम्हाला यात आणखी एक मदत केली आहे. वडिलांना आम्ही "अहो बाबा, तुम्ही" म्हणत मोठे झालो, पण स्वर्गीय पित्याला 'तू'. विठोबाला तू, आईला तू, तसाच हाही. 'तुम्ही' म्हटलं असतं तर तो आदर की अनेकवचन, हे मराठीत कळायला मार्गच नाही. तिघांना मिळून एक 'तू' म्हणायचं, यात सगळा सिद्धांत एका अक्षरात आला. आजी तिथे कधीच चुकली नाही.

सिद्धांताशी सरळ झोंबी घेतली ती पंडिता रमाबाईंनी. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा झाला, तरी त्रैक्य त्यांच्या गळी उतरेना. सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. त्याच रमाबाईंनी 1905 साली केडगावच्या मुक्तिसदनात मुलींना घेऊन पवित्र आत्म्याच्या वर्षावासाठी प्रार्थना चालवली. वादात न सुटलेलं तिथे सुटलं, असं मी म्हणणार नाही. त्या मागत राहिल्या, एवढं दिसतं.

नारायण वामन टिळकांचं उलट. त्यांनी अपुरं सोडलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. टिळकांच्या अभंगांत ख्रिस्त हाच गुरू आणि तोच माउली. वारकरी कानाला ते लगेच भिडतं, मलाही. पण अशा वेळी पिता कुठे जातो, असं मनात येतंच. नाशिकरोडला बाळ येशूच्या मंदिरात फेब्रुवारीत यात्रा भरते, बिगरख्रिस्ती माणसंही रांगेत असतात. तिथे ना 'द्वारे' ना 'त'. मेणबत्ती घेऊन आलेली बाई त्या बाळालाच सगळं सांगते. बेसिलने तिला काय म्हटलं असतं कोण जाणे. मी तरी मागे उभा राहून तिची प्रार्थना तपासणार नाही.

आमची मंडळी नाशकातल्या शरणपूरची. 1850च्या दशकात मिशनने वसवलेली ही वसाहत. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुलंही इथे ठेवली होती. आता शरणपूर रोडवर दुकानं आणि दवाखाने दाटले आहेत, रिक्षावाल्याला ते नुसतं ठिकाण आहे. पण 'शरण' या शब्दाला मराठीत 'ला' लागतोच. कोणाला शरण, ते सांगावंच लागतं.

घरची संध्याकाळची प्रार्थना आता माझ्याकडे आहे. परवा नेहमीप्रमाणे पित्याला हाक मारली, लाइट बिलापासून भावाच्या ऑपरेशनपर्यंत सगळं सांगून झालं, आणि ऐकू आलं ते माझंच वाक्य, "तुझ्या हातांतल्या त्या खिळ्यांच्या जखमांकडे बघून..." समोर मुलीने एक डोळा उघडला. मी तसाच पुढे म्हणत राहिलो.