मिटल्या ओठांची मैफल

सांगली,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय सुमे,

दुपारी तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोलले नाही, तुला खटकलं असणार. घरात सगळं ठीक आहे. फक्त तासाभरापूर्वी 'पॅराडाइज रोड' बघून उठले होते आणि घशात आवंढा होता. म्हणून आता सगळी निजानीज झाल्यावर लिहायला बसलेय.

सिनेमा तसा जुना, 1997चा. दिग्दर्शक ब्रूस बेरेसफर्ड, तुमच्या ऑस्ट्रेलियाचाच. तू पाहिला नसशील तर आधी पाहा. आपण सात वर्षं एका पेटीभोवती बसून समूहगीतं म्हटली, म्हणून तुलाच हे सांगावंसं वाटतं.

सिनेमामागची गोष्ट खरी घडलेली आहे. फेब्रुवारी 1942मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. बायकामुलांना घेऊन निघालेल्या जहाजांवर बाँब पडले, कितीतरी जहाजं सुमात्राजवळच्या समुद्रात बुडाली. ज्या पोहत, तरंगत किनाऱ्याला लागल्या त्या कैदी झाल्या. पालेंबांगच्या छावणीत इंग्रज आणि ऑस्ट्रेलियन बायका होत्या, तिथेच राहणाऱ्या डच बायका होत्या, नन होत्या, पोरंबाळं होती. सडका तांदूळ, हिवताप, हगवण. आणि एकमेकींची भाषा धड येत नाही, त्यामुळे पाण्याच्या बादलीवरूनसुद्धा भांडणं.

तिथे मार्गारेट ड्रायबर्ग नावाची पन्नाशी ओलांडलेली मिशनरी बाई होती आणि नोरा चेंबर्स होती, लंडनच्या रॉयल अकॅडमीत व्हायोलिन शिकलेली. दोघींनी ठरवलं, वाद्यवृंद उभा करायचा. वाद्य एकही नाही. मग गळेच वाद्यं! व्हायोलिनची ओळ एका गटाने म्हणायची, खर्जाची दुसऱ्याने. शब्द नाहीतच. 'ऊ', 'आ', 'ला', नाहीतर ओठ मिटून नुसता हुंकार. शब्द नसल्यामुळे इंग्रज आणि डच असा प्रश्नच उरला नाही. सुमे, किती शहाणपणाची गोष्ट आहे ही! आपल्याकडे आकारात आळवणं काही नवीन नाही, पण त्या बायकांनी आकारावर सिंफनीचं संगीत पेललं.

आणि स्वरलेखन? ते ड्रायबर्गबाईंनी आठवणीतून लिहून काढलं. ड्वोर्झाक, शोपँ, असलं सगळं, चार आवाजांत वाटून, मिळेल त्या कागदावर. माझ्या डोळ्यांसमोर तो कागद येतो. पेन्सिलीने ओढलेल्या पाच पाच रेघा आणि त्यांवर बारीक टिंबं, कारण कागद पुरवून वापरायचा.

पहिली मैफल 27 डिसेंबर 1943ला झाली. गायिका तीस. उभं राहण्याइतकी ताकद नव्हती म्हणून बसूनच गायल्या. सुरुवात ड्वोर्झाकच्या 'न्यू वर्ल्ड' सिंफनीतल्या संथ भागाने. सिनेमात हा प्रसंग बघताना मी पदराचा बोळा तोंडाशी धरून बसले होते. वृंद चालवणाऱ्या बाईच्या भूमिकेतली ग्लेन क्लोज हात वर करते, पहारेकरी बंदुका सरसावून धावत येतात, आता मैफल मोडणार असं वाटतं आणि पहिला सूर लागतो. फार हळू लागतो, लांबून कुणी हाक मारावी तसा. पहारेकरी जागच्या जागी थांबतात. कॅमेरा गाणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून फिरतो: काळवंडलेले गाल, फुटलेले ओठ, आणि ओठ जवळजवळ हलतच नाहीत. ही मोठी नेमकी गोष्ट आहे. हुंकार देताना चेहरा शांत दिसतो, सगळं काम पोटातल्या श्वासाचं असतं. उपाशी पोटी तो श्वास कुठून आणला असेल त्यांनी?

सिनेमात सगळंच जमलंय असं मी म्हणणार नाही. खऱ्या बायकांची नावं बदलली आहेत, आणि एका दुष्ट सार्जंटला एकाएकी मऊ करून गायला लावलंय, तो प्रसंग मला पटला नाही. पण गाणं मात्र खरं आहे. मूळ स्वरलेखनावरूनच हॉलंडच्या हार्लेममधल्या बायकांच्या वृंदाने ते गायलंय. हे कागद अँटोनेट कोलाइन या डच मुलीने जपले होते. तीही छावणीतल्या वृंदात गायची. 1980मध्ये तिने ते स्टॅनफर्ड विद्यापीठाला दिले.

तू कॅनबेराला गेलीस की तिथल्या युद्धस्मारकापाशी व्हिव्हियन बुलविंकल या परिचारिकेचा पुतळा बघ. बाँका बेटावर जपानी सैनिकांनी बावीस परिचारिकांना समुद्रात चालत जायला लावलं आणि पाठीमागून गोळ्या घातल्या. एकवीस गेल्या, ही एकटी वाचली आणि पुढे याच छावण्यांमध्ये साडेतीन वर्षं राहिली. अंगावर गोळी लागल्याचं तिथे जपान्यांना कळता कामा नये, कारण ती साक्षीदार होती. तिच्या बरोबरीच्या बायकांनी ते गुपित अखेरपर्यंत सांभाळलं.

मला रडू आलं ते मात्र दुसऱ्याच गोष्टीचं. हा वृंद पहारेकऱ्यांनी बंद पाडला नाही. तापाने, उपासमारीने एकेक गायिका जात राहिली, निम्म्याच्या आसपास गेल्या आणि गाणं थांबलं. ड्रायबर्गबाई एप्रिल 1945मध्ये वारल्या, युद्ध संपायला चार महिने राहिले असताना. चार आवाजांतलं गाणं असं थांबतं म्हणजे काय होतं, हे आपल्याला माहीत आहे गं. आपल्या खर्जातल्या काकू गेल्या त्यानंतरची तालीम आठवते? आपण सगळ्या सुरात होतो, तरी कडवं अधांतरी वाटत होतं, आणि पेटी मिटून सरळ घरी गेलो होतो. त्या बायकांनी तसं किती वेळा झेललं असेल! आज ही जागा रिकामी, पुढच्या आठवड्यात ती. तरी उरलेल्यांनी श्वास घ्यायचा आणि आपली ओळ धरायची.

मघाशी ओट्यापाशी भांडी आवरताना मी त्या संथ भागाची खालची ओळ ओठ मिटून गुणगुणून पाहिली. एकटीने म्हटली तर ती चालच वाटत नाही, नुसते लांब लांब सूर. तू वरची ओळ बसव. सोपी आहे, दोनदा ऐकलीस की येईल. पुढच्या रविवारी तुझ्या दुपारी फोन कर, मी सकाळचा चहा घेऊन बसलेली असेन. सुरुवात तू कर, मी मागून येते.

तुझी,
शैला