कमरेखालचा विटाळ

आपल्या अभ्यासवर्गात सगळं चालतं. जातीचा उगम चालतो, भूमिहीनांचा प्रश्न चालतो, रात्री दोनपर्यंत बुद्ध की मार्क्स चालतं. पण कमरेच्या खाली अंधार. तिथं आपण सगळे एकदम सोवळ्यातले. कुणाला काही विचारायचंच झालं तर तो दात काढत विचारतो, ‘माझ्या एका मित्राला झालंय.’ हा मित्र प्रत्येक वस्तीत राहतो आणि त्याला कुणी कधी पाहिलेला नसतो.

मी त्या मित्राचा पत्ता सांगतो. तो मीच.

2022 चा पावसाळा. मी 26 वर्षांचा. ती चळवळीतलीच, माझ्याच वयाची, नोकरी करणारी. दोघांनाही हवं होतं, दोघांनी एकमेकाला विचारलं होतं. मुके झाले, हात फिरले, अंगाला अंग लागलं. कपडे अंगावर होते. संभोग झाला नाही. एवढंच. यात लपवण्यासारखं काय आहे? मला ती आवडत होती, आजही आवडते.

तिसऱ्या दिवशी लघवीला आग झाली.

बस. तिथून माझं डोकं माझं राहिलं नाही. मोबाईलवर शोधलं. मोबाईल म्हणजे खिशातला भगत, तो ज्याला त्याला झपाटलेलाच सांगतो. ताप येतो म्हणाला, मला ताप वाटायला लागला. घसा दुखतो म्हणाला, घसा धरला. गाठी येतात म्हणाला, मानेखाली गाठ सापडली. खोलीत आम्ही चौघं. सगळे झोपले की मी मोरीत जायचो आणि मोबाईलची बॅटरी लावून बघत बसायचो. कडेला बारीक पांढुरके दाणे ओळीनं दिसले. आधी होते का? कुणास ठाऊक, आधी असं बघितलं कुणी होतं? एकदा रात्री साडेतीनला मी मनातल्या मनात आईला सांगत होतो, की आता माझ्या लग्नाचं बघू नकोस.

आणि ह्या सगळ्यात डोक्यात एकच शब्द घुमत होता : बाटलो.

बघा, कुठला शब्द आला! ज्यांची विहीर माझ्या आजीच्या सावलीनं बाटत होती, त्यांचा हा शब्द. आपण तो वेशीवर जाळला, पाण्यात बुडवला, आणि तो गपचिप येऊन माझ्याच चड्डीत बसला. विटाळाचा हिशोब असाच असतो. एकदा शिवलं की संपलं. कुठं शिवलं, कसं शिवलं, किती शिवलं, काही विचारायचं नाही. धुतलं तरी जात नाही, आणि दोष नेहमी शिवणाऱ्याचा.

खोलीतल्या एकाला मी बोललो. चांगला कार्यकर्ता, पोटतिडकीचा. तो म्हणाला, ‘तिचं काय सांगता येत नाही बाबा. मीटिंगला एकटी येती, एकटी जाती.’ सकाळीच ह्यानं सावित्रीमाईच्या फोटोला हार घातला होता. मी त्याला म्हटलं, ‘मी पण एकटाच येतो-जातो. माझं सांगता येतं का?’ तो गप. आग मला, आणि चारित्र्य तिचं तपासायचं! च्यायला, हा कुठला न्याय?

जंतू असा वागत नाही. जंतूला वाट लागते. एचआयव्हीला रक्त, वीर्य, योनीतला नाहीतर गुदमार्गातला स्राव, नाहीतर आईचं दूध लागतं. आणि दुसऱ्याच्या शरीरात शिरायला आतली ओली त्वचा, जखम किंवा सुई लागते. लाळेतून, घामातून, एका ताटात जेवून, कपड्यावरून अंग घासून तो जात नाही. परमा लागतो तो संभोगातून, मुखमैथुनातून. लागला तर बहुतेक पुरुषांना दोन-पाच दिवसांत पू दिसतो, नुसती आग होऊन राहत नाही. बायांना पुष्कळदा काहीच जाणवत नाही, हे ध्यानात ठेवा. गर्मीची जखम दुखत नाही, साधारण तीन आठवड्यांनी उठते, आपोआप बरी झाल्यासारखी दिसते आणि रोग आत तसाच राहतो. हर्पीस मात्र कातडीला कातडी लागून जातो. ओठावर त्याचा फोड असला तर मुक्यातूनही जातो. म्हणजे धोका नसतोच असं नाही. पण प्रत्येक रोगाचा रस्ता वेगळा आणि प्रत्येकाची मुदत वेगळी. विटाळाला रस्ताही नाही आणि मुदतही नाही.

स्टेशनाबाहेरच्या भिंतीवर ‘गुप्तरोग, शर्तिया इलाज’ अशी रंगवलेली पाटी आहे. तुमच्याही स्टेशनावर असेल. 1954 च्या कायद्यानं असल्या रोगांच्या इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे. तरी पाटी आहे, आणि दर दिवाळीला नवा रंग चढतो. बाणाच्या दिशेनं जिना वर जातो. माझा चुलता तरुणपणी असाच एक जिना चढला आणि दोन महिन्यांचा पगार तिथं ठेवून आला. परम्याच्या भीतीनं गेला, परमा नव्हताच. त्यांनी त्याला ‘धातू जातो’ म्हणून पुड्या बांधून दिल्या. त्या पुड्यांच्या पैशात माझ्या चुलत बहिणीची शाळेची फी भागली असती. मी जिना बघितला आणि सरळ पुढं गेलो.

अकराव्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेलो. केसपेपरच्या खिडकीवरचा बाबा रांगेला ऐकू जाईल असा ओरडला, ‘गुप्तरोग काय? सतरा नंबर!’ पन्नास माणसं वळून बघायला लागली. आपल्या माणसाला सरकारी दारात नाव, आडनाव आणि रोग सगळं ओरडूनच सांगतात. मी म्हटलं, ‘साहेब, अजून जोरात ओरडा, सतरा नंबरला पण ऐकू गेलं पाहिजे.’ रांगेत हशा झाला. पाय मात्र कापत होते.

सतरा नंबरला ‘सुरक्षा क्लिनिक’ अशी पाटी. आत समुपदेशक ताई. दार लावलं, पंखा लावला आणि बाजारभाव विचारावा तसं विचारलं : कधी? काय काय झालं? संभोग झाला का? कंडोम होता का? कुठं फोड, पू, जखम? मी सांगत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा ते शब्द मी न हसता बोललो. ताई म्हणाल्या, ‘दादा, तुम्ही जे सांगताय त्यानं एचआयव्ही होत नाही. पण नुसतं माझ्या सांगण्यावर तुम्ही झोपणार नाही. डॉक्टरांना दाखवा.’

डॉक्टरांनी दोन मिनिटांत बघितलं. ते दाणे रोग नव्हेत, पुष्कळ पुरुषांना ते जन्माचे सोबती असतात, कुणाला लागत नाहीत, औषध लागत नाही. लघवी तपासली, साफ. ‘दिवसभर पाणी किती पिता?’ मला आठवेना. मोर्चा, मीटिंग, चहावर चहा. ‘पाणी प्या. आणि मानेची ती गाठ दाबू नका, कुणीही सारखं दाबलं तर दुखणारच.’

रक्ताची तपासणी माझ्या संमतीनं झाली. 2017 चा कायदा आहे, तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही आणि निकाल बाहेर फोडता येत नाही. बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसली होती, भाजीचा गाडा लावणारी. किती वर्षं गोळ्या घेते ते तिनं आपणहून सांगितलं. ‘गोळी चुकवायची नाही, बाकी काय नाही,’ म्हणाली आणि माझ्याकडनं पेपर मागून घेतला. तिच्या शेजारी बसून मी कशाला घाबरत होतो ते मलाच नीट सांगता येईना.

निकाल निगेटिव्ह. ताई म्हणाल्या, ‘तुम्हाला गरज नाही, पण मनासाठी तीन महिन्यांनी एकदा करा. मग फाईल बंद. दर आठवड्याला येऊ नका, भीतीला रिपोर्ट पुरत नाहीत.’

ताईंनी सरळ विचारलं, मी सरळ सांगितलं. एवढ्याच गोष्टीसाठी ह्या मुलखात एका माणसावर खटला झाला होता. र. धों. कर्वे 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत होते. वाचक आपल्या शरीराचे प्रश्न लिहून पाठवत आणि कर्वे उत्तरं छापत. ह्यालाच अश्लील ठरवून 1934 साली त्यांना कोर्टात खेचलं. कर्व्यांच्या बाजूनं वकील कोण उभा राहिला? बाबासाहेब. पुणे करार होऊन अजून दोन वर्षंही झाली नव्हती. मागं कामांचा डोंगर असताना ह्या माणसाला वाटलं, की अंगाविषयी प्रश्न विचारायचा आणि उत्तर मिळवायचा हक्क कोर्टात लढण्याइतका मोठा आहे. खटला हरले, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. आपण बाबासाहेबांचे सगळे लढे पाठ म्हणतो, मग हा का वगळतो?

ज्यांची गोष्ट माझ्याहून वेगळी आहे त्यांच्यासाठी लिहितो. कंडोमशिवाय संभोग झाला असेल, कंडोम फाटला असेल, तर पावसाळा घालवू नका. एचआयव्ही टाळायची औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, 28 दिवस चालतात, द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतो. पू, जखम, फोड दिसला तर त्याच दिवशी जा आणि जोडीदारालाही घेऊन जा, नाहीतर एक बरा होतो आणि पुन्हा दुसऱ्याकडून घेतो. जायची हिंमत नसेल तर 1097 वर फोन करा. पैसे पडत नाहीत आणि आडनाव विचारत नाहीत.

हा नंबर मी मोठ्या अक्षरात लिहून विहाराजवळच्या अभ्यासिकेच्या मोरीत चिकटवला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी फाडला. पुन्हा चिकटवला, पुन्हा फाडला. तिसऱ्यांदा टिकला. आठवड्यानं बघितलं तर खाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं : ‘मुका घेतल्यानं एड्स होतो का?’ मी पेन काढायला खिशात हात घातला, तर त्याच्याही खाली दुसऱ्या कुणाच्या तरी हस्ताक्षरात आधीच उत्तर होतं : ‘नाही होत रे. झोप निवांत.’