वेग, गीत आणि समानधर्मा

घरातील तरुण मंडळींच्या छंदांकडे वडीलधाऱ्यांनी कोणत्या दृष्टीने पहावे, हा प्रश्न प्रत्येक सुशिक्षित कुटुंबात केव्हा ना केव्हा उपस्थित होतोच. छंद ओळखीचा असला, म्हणजे मुलगा पेटी वाजवू लागला किंवा मुलगी व्याख्यानांस जाऊ लागली, तर कोणी फारसे बोलत नाही. उलट आल्यागेल्याजवळ त्याचे कौतुकच होते. परंतु छंद अनोळखी असला, की त्याच उत्साहास 'खूळ' असे नाव मिळते. वस्तुतः उत्साह तोच, तन्मयता तीच. भेद असतो तो केवळ आपल्या ओळखीचा.

आमच्या धुळ्याच्या घरातील उदाहरण देतो. माझ्या पुतण्याचा मुलगा जळगावास अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो आणि शनिवार-रविवार घरी येतो. ह्या मुलास दोन गोष्टींचे वेड आहे. एक मोटारींच्या शर्यतींचे आणि दुसरे आयर्लंडातील लोकसंगीताचे. त्याचे चार-पाच स्नेही आहेत. एक पुण्याचा, एक कोचीचा, एक थेट डब्लिनचा. त्यांपैकी बहुतेकांनी एकमेकांस प्रत्यक्ष पाहिलेलेही नाही. रविवारी शर्यत संपली, की दूरध्वनीवर त्यांचा फड जमतो. अमक्याने चाके कोणत्या फेरीस बदलली, तमक्याने वळणावर वेग का आवरला नाही, येथून प्रारंभ व्हावयाचा आणि शेवट एखाद्या आयरिश सुरावटीवर व्हावयाचा.

एके दिवशी त्याच्या वडिलांनी त्यास विचारले, "त्या मोटारींपैकी तुझी मोटार कोणती? आणि त्या गाण्यातला एक शब्द तरी तुला कळतो काय?" मुलाने उत्तर दिले नाही. परंतु त्या दिवसापासून तो खोलीचे दार लावून बोलू लागला. बाप वाईट नव्हे आणि मुलगाही उद्धट नव्हे. तरी दोघांच्या मध्ये एक दार आले, आणि मला वाटते, अशी दारे आज पुष्कळ घरांत लागलेली असतील. म्हणूनच हा विषय येथे मांडीत आहे.

मी निवृत्त शिक्षक. चौकशी करण्याची सवय अजून गेलेली नाही. मी त्यास विचारले, "बाबा रे, शर्यत आणि गाणे ह्यांची सांगड तू कशी घातलीस?" तो म्हणाला, "नाना, मी घातली नाही, ती आपोआप पडली." उत्तर आयर्लंडातील बॅलिमनी गावच्या जोई डनलॉप नावाच्या मोटारसायकलस्वाराची हकीकत त्याने वाचली होती. आइल ऑफ मॅन बेटावरील अत्यंत धोक्याची शर्यत ह्या मनुष्याने २६ वेळा जिंकली. एरवी तो गावात एक लहानसे मद्यगृह चालवी, आणि स्वतः गाडी हाकीत रुमानिया, बोस्निया येथील अनाथ मुलांसाठी अन्न-वस्त्रे नेऊन पोहोचवी. २००० साली एस्टोनियातील एका शर्यतीत त्याचा अंत झाला. त्याच्याविषयी अधिक जाणून घेण्याच्या नादात मुलाची त्या डब्लिनच्या गृहस्थाशी ओळख झाली, आणि त्या गृहस्थाने शर्यतीबरोबर आपल्या देशातले गाणेही ह्याच्या कानांवर घातले. एका आवडीच्या दारातून दुसरी आवड घरात आली, एवढाच ह्याचा अर्थ.

वेग आणि गीत ही जोडी आपल्यास परकी वाटण्याचे वास्तविक कारण नाही. शाकुंतलाची प्रस्तावना ज्यांनी वाचली असेल त्यांनी आठवून पहावे. नटी ग्रीष्म ऋतूवर गीत गाते, सारी रंगसभा चित्रासारखी तटस्थ होते, आणि स्वतः सूत्रधारच कोणते नाटक करावयाचे ते विसरतो. भानावर आल्यावर तो सांगतो, की वेगवान हरिणाने ह्या दुष्यंत राजास जसे ओढून नेले, तसे तुझ्या गीताने मला ओढून नेले. लगेच धावता रथ रंगभूमीवर येतो. गीताने हरपलेले मन आणि वेगाने हरपलेले मन ही दोन्ही एकाच जातीची आहेत, हे कालिदासाने एका उपमेत सांगून टाकले. त्याच्याही फार पूर्वी आपल्या याज्ञिकांनी वाजपेय यज्ञात हीच जोडी बसविली होती. त्या यज्ञात सतरा रथांची शर्यत होते, सतरा दुंदुभी वाजतात, आणि रथ धावत असता ब्रह्मा नावाचा ऋत्विज खांबावर बसविलेल्या रथचक्रावर बसून साम गातो. चक्र फिरत आहे आणि त्यावर गायन चालले आहे, हे चित्र मी मुलास सांगितले तेव्हा ते त्याने त्याच रात्री आपल्या मित्रांस कळविले, आणि ते सर्वजण फार खूश झाले असे समजले.

त्याच्या मोबदल्यात त्याने मला १९०३ सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षी गॉर्डन बेनेट चषकाची शर्यत भरविण्याची पाळी ब्रिटनची होती. परंतु तेथील सार्वजनिक रस्त्यांवर कायद्याने वेगास मर्यादा असल्यामुळे तेथे शर्यत होणे अशक्य होते. म्हणून खास कायदा करून ती आयर्लंडात, अथी गावाच्या आसपासच्या रस्त्यांवर भरविण्यात आली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पॅरिस-माद्रिद शर्यतीत इतकी माणसे मृत्युमुखी पडली होती, की ती शर्यत बोर्दो येथेच थांबवावी लागली. त्यामुळे आयर्लंडात फार मोठा बंदोबस्त ठेवावा लागला. २ जुलै रोजी बेल्जियमचा कामीय जेनात्सी मर्सिडीज गाडी हाकून विजयी झाला. इंग्रजी गाड्यांस हिरवा रंग दिला होता तो आयर्लंडच्या सन्मानार्थ, असे सांगतात.

आणि त्याच १९०३ साली, समुद्रापलीकडे शिकागो शहरी, आयरिश संगीताचा एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो सिद्ध करणारा गृहस्थ फ्रान्सिस ओनील हा मूळचा आयर्लंडातील कॉर्क परगण्याचा, आणि व्यवसायाने शिकागोच्या पोलिसांचा मुख्य अधिकारी. देश सोडून आलेले शिपाई, हमाल, कारागीर ह्यांच्या मुखी असलेल्या सुरावटी तो आवडीने ऐके व ध्यानात ठेवी. परंतु त्यास स्वरलेखन येत नव्हते. तेव्हा तो त्या आपल्याच खात्यातील जेम्स ओनील ह्या आडनावबंधूस वाजवून दाखवी आणि जेम्स त्या कागदावर उतरवून घेई. अशा १,८५० सुरावटी त्या ग्रंथात आल्या. ज्यास लिहिता येत नव्हते त्याच्याजवळ आवड होती, आणि ज्यास लिहिता येत होते तो त्या आवडीत सामील झाला. म्हणून त्या सुरावटी तरल्या.

ही हकीकत ऐकताना मला शिकागो दिसले नाही, जळगावजवळचे असोदे दिसले. बहिणाबाई चौधरी ह्यांचा जन्म १८८० सालचा. त्यांस अक्षरओळख नव्हती. शेतात व घरात काम करता करता त्या आपल्या खानदेशी बोलीत ओव्या रचून म्हणत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी ह्यांनी त्या जमेल तशा टिपून ठेवल्या. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या. पुढे सोपानदेवांनी ते हस्तलिखित आचार्य अत्र्यांस दाखविले आणि १९५२ साली ते पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आले. ह्या परंपरेत गाणाऱ्या बाईइतकेच ऐकणाऱ्या मुलाचे आणि दाद देणाऱ्या रसिकाचे महत्त्व आहे. मधला एक दुवा गळता तर ते काव्य असोद्याच्या शेतातच विरून गेले असते.

आमच्या घरात असा दुवा नव्हता. माझ्या लहानपणी आमची काकू पहाटे जात्यावर ओव्या म्हणे. घरात संस्कृताचा अभ्यास, स्तोत्रांचा पाठ शुद्ध असावा असा कटाक्ष. त्यामुळे काकूचे गाणे म्हणजे दळणाचाच एक आवाज, अशी सर्वांची समजूत. १९७१ साली ती गेली. त्यातील एका ओवीची चाल मला आजही आठवते, शब्द मात्र एकही आठवत नाही. तेव्हा 'शब्द कळत नसता गाणे कसे आवडते' ह्या पुतण्याच्या प्रश्नास माझ्यापाशी तरी सरळ उत्तर आहे. आवडते, आणि पन्नास वर्षे पुरते.

वेगाचा आणि गीताचा संयोग पहावयाचा असेल तर जळगावास कार्तिकी एकादशीस श्रीरामरथ पहावा. हा रथोत्सव सद्गुरु अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केला. तो उंच लाकडी रथ दोर लावून माणसेच ओढतात. त्यास ना यंत्र, ना सुकाणू. त्यास आवरणे व वळविणे हे काम मोगरीवाल्यांचे. चालत्या चाकाखाली नेमक्या क्षणी लाकडाची मोगरी सारावयाची आणि नेमक्या क्षणी काढावयाची. क्षणाची चूक झाली तर रथ भलतीकडे जाईल, किंवा हातच चिरडेल. पुढे भजने चालू असतात, दुतर्फा लोक उभे असतात, आणि त्यांतले जाणते रथापेक्षा मोगरी लावणाऱ्याच्या हातांकडे अधिक पाहतात. गेल्या कार्तिकात हा मुलगाही तेथे उभा राहून ते हात पाहत होता. मोटारींच्या शर्यतीत दोन-तीन निमिषांत चाके बदलणाऱ्यांचे कौशल्य तो जसे वर्णितो, तसेच त्याने ह्या मोगरीवाल्यांचे वर्णन केले. परक्या गोष्टीची आवड मनुष्यास घरच्या गोष्टीपासून तोडतेच असे नाही. पुष्कळदा तीच त्यास घरची गोष्ट पाहण्याचा डोळा देते.

अर्थात ह्या विषयास दुसरी बाजू आहे. समान आवडीच्या लोकांचा मेळा जमला, की त्यांचे पक्ष होण्यास वेळ लागत नाही. अमका खेळाडू थोर म्हणावयाचे तर तमक्यास शिव्या दिल्याच पाहिजेत, असा दंडक पडतो आणि रसिकतेचे रूपांतर भांडणात होते. आमच्या नाटकवेड्या महाराष्ट्रात हे पूर्वीही होते. लहानपणी काही काळ जळगावी शिकावयास राहिलेले नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले ह्यांच्या चाहत्यांचे दोन तट होते. परंतु ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईस 'संयुक्त मानापमान' झाले, त्या रात्री भामिनी बालगंधर्वांची आणि धैर्यधर केशवरावांचा, असे दोन्ही तटांच्या लोकांनी एकाच छताखाली बसून पाहिले. पुढे तीन महिन्यांच्या आतच केशवराव वारले. ती रात्र झाली नसती तर उभय पक्षांच्या रसिकांस केवढी रुखरुख लागून राहिली असती! प्रतिपक्षाचा चाहता हाही आपला समानधर्माच आहे. त्यासही तीच तहान लागलेली असते. त्याने पाणवठा दुसरा निवडला, इतकेच.

'समानधर्मा' हा शब्द भवभूतीचा. आपल्या कृतीचे मर्म जाणणारा कोणी आज नसला तरी पुढे केव्हातरी, कोठेतरी जन्मास येईल, कारण काळास अंत नाही आणि पृथ्वी विशाल आहे, अशी त्याने आशा बाळगली. मला तो शब्द नेहमी काहीसा करुण वाटत आला. निवृत्तीनंतर आम्ही पाच जण दर गुरुवारी एका स्नेह्याच्या माडीवर जुनी नाट्यपदे ऐकावयास बसत असू. आज आम्ही दोघेच उरलो आहोत. ध्वनिमुद्रिका त्याच, यंत्रही चांगले चालते. परंतु तान संपताच ज्याच्याकडे पहावयाचे ते डोळे समोर नसले, की तीच तान अर्धी वाटते. भवभूतीने ज्यासाठी अनंत काळाची वाट पाहण्याची तयारी ठेवली, तो समानधर्मा ह्या विशीतल्या मुलास कोचीत आणि डब्लिनात आजच भेटला आहे. हे भाग्य लहान नव्हे, आणि त्याचा हेवा करण्याऐवजी आपण त्याचा आदर करावा हे बरे.

मुलाने अभ्यास सोडून रात्ररात्र शर्यती पहाव्यात असे मी म्हणत नाही. वेळेचे बंधन असावे आणि ते घरातील वडिलांनीच घालावे. परंतु बंधन घालणाऱ्याने त्यापूर्वी एकदा तरी त्याच्या शेजारी बसून ते पाहिलेले असावे. गेल्या महिन्यात मी पुतण्यास एवढेच सुचविले. तो आढेवेढे घेत बसला, आणि पंधरा मिनिटांनी 'हा मागचा मनुष्य पुढे का जात नाही' असे विचारू लागला. दार त्या दिवशी उघडे राहिले. मुलाजवळ सहा भोकांची एक धातूची बासरी आहे. काकूच्या ओवीची चाल तो माझ्याकडून ऐकून तीवर बसवीत आहे. एक स्वर अजून किंचित चढा लागतो. मी तसे सांगतो, तो पुन्हा वाजवितो.

वाचकांस विनंती इतकीच, की आपल्या घरात कोणास कसला छंद आहे ह्याची एकदा चौकशी करावी. आणि ती तरुणांची करावी तशीच स्वयंपाकघरातल्या, देवघरातल्या वृद्ध बायकांचीही करावी. त्यांना काय गाता येते ते विचारावे, आणि ऐकताना जवळ कागद ठेवावा.