आठपैकी शून्य

"नापास झाले गं मी. आठपैकी शून्य!" फोनवर मावशी. सांगलीत विश्रामबागला राहते, शाळेत गणित शिकवते, वय ४६. मला वाटलं, शाळेतला काहीतरी जोक. तर तो तिचा रिपोर्ट होता.

ब्रेस्ट कॅन्सरची गाठ काढली की तिच्या पेशींत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर आहेत का, ते तपासतात. किती पेशी रंगल्या आणि किती गडद, यावर आठपैकी मार्क. इथे पॉझिटिव्ह म्हणजे चक्क चांगली बातमी! गाठ सहसा सावकाश वाढणारी, शिवाय टॅमॉक्सिफेनसारखी रोजची साधी गोळी लागू पडते. शून्य म्हणजे ती वाटच बंद.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने सांगली गाठली. कॅन्सरच्या डॉक्टरांनी भलताच प्रश्न विचारला, "गाठ फॉर्मलिनमध्ये कशी ठेवली होती?" ऑपरेशन शनिवारी दुपारी झालेलं. गाठ अख्खी, न कापता डब्यात टाकलेली. लॅबने ती उघडली सोमवारी. फॉर्मलिन आत शिरतं तासाला जेमतेम एक मिलिमीटर. तोवर मधला भाग खराब होतो आणि असलेले रिसेप्टरही रंगत नाहीत. खरं तर तासाभरात गाठ कापून फॉर्मलिनमध्ये जायला हवी आणि त्यात ६ ते ७२ तास राहायला हवी. आता भांडायचं तरी कुणाशी?

ऑपरेशनआधी सुईने काढलेला बारीक तुकडा मात्र मेणाच्या ब्लॉकमध्ये शाबूत होता. हा ब्लॉक पेशंटला मागून घेता येतो. (तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं. आणि म्हणे मी पत्रकार!) लॅपटॉपच्या बॅगेत तो घालून महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली. रात्रभर बॅग उशाशी. सकाळी परळ, टाटा हॉस्पिटल.

याच टाटातल्या पॅथॉलॉजिस्टनी ७९८ गाठींचा अभ्यास २००० साली छापला होता. त्यात ईआर पॉझिटिव्ह जेमतेम एक तृतीयांश निघाल्या. त्यातल्या किती निगेटिव्ह खऱ्या आणि किती डब्यातल्या, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

मावशीचा नवा रिपोर्ट आला. सात.

"एक मार्क कुठे कापला?" ती म्हणाली.

मग मी उरलेलंही सांगितलं. केमो चुकणार नाही. पॉझिटिव्ह गाठ दहा-पंधरा वर्षांनीही परत येऊ शकते, म्हणून गोळी पाच वर्षं, कदाचित दहा.

ती जरा वेळ गप्प बसली. "म्हणजे जवळजवळ रिटायर होईपर्यंत," म्हणाली आणि मोबाइल माझ्या हातात दिला. "रोज साडेनऊचा अलार्म कसा लावायचा, दाखव."