पाचर

पंचतंत्राच्या ‘मित्रभेद’ तंत्रातली पहिली छोटी गोष्ट सुतारकामाची आहे. अर्धवट चिरलेल्या ओंडक्यात पाचर ठोकून सुतार जेवायला जातात. एक माकड येऊन ती पाचर उपसतं, फट मिटते आणि माकड तिच्यात चिमटून मरतं. करटक नावाचा कोल्हा ही गोष्ट दमनकाला सांगतो : नसत्या उठाठेवी करू नकोस. दमनक ऐकत नाही. सिंह आणि बैल यांच्या दोस्तीत तो पाचर मारतोच.

हे दोन कोल्हे पुढे फार लांब गेले. सहाव्या शतकात, नौशेरवान बादशहाच्या काळात, बुर्झोया या हकिमाने त्यांना इराणच्या पहलवी भाषेत नेलं. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने अरबीत. तिथे ते कलीला आणि दिमना झाले. १५८८ मध्ये अबुल फजलने अकबरासाठी याच गोष्टी सोप्या फारसीत लिहिल्या. आमची मुलं पंचतंत्र वाचतात, पण ते आपल्याही कपाटातलं पुस्तक आहे हे त्यांना कुणी सांगत नाही. म्हणून कोऱ्हाळे बुद्रुकच्या घरी मी ही गोष्ट लाकडात कोरायला घेतली.

ओंडका बांधावरच्या बाभळीचा. इकडे बैलगाडीची चाकं याच लाकडाची होत. पटाशीची धार बघता बघता जाते. बैल जुन्या पलंगाच्या शिसवी पायाचा, काळसर. सिंह फणसाचा, कारण ते लाकूड मुळात पिवळं. माकड आंब्याचं. दोन्ही कोल्हे मात्र जुन्या दाराच्या एकाच सागवानी फळीतून काढले. समजावणारा आणि आग लावणारा एकाच घरात वाढतात.

फुफीने विचारलं, “जानदाराची मूर्ती घरात कशाला रे?” प्रश्न हलका नाही. तस्वीर घडवणाऱ्यांना हदीसमध्ये सक्त ताकीद आहे. हजरत इब्न अब्बासांनी एका चित्रकाराला झाडं काढायला सांगितल्याचंही येतं. पण अबू दाऊदच्या संग्रहात हजरत आयेशांचा पंखवाला खेळण्यातला घोडाही आहे. घोड्याला पंख कसे, असं पैगंबरांनी (स.) विचारलं. सुलेमानांच्या घोड्यांना होते की, असं त्या म्हणाल्या, आणि पैगंबर मनापासून हसले. यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. मुलांच्या खेळण्यांना अनेकांनी सूट दिली आहे. मी म्हटलं, “हे मुलांनी हाताळायला आहे, फुफी.” ती गप्प राहिली. पटलं असं नाही.

निरनिराळी लाकडं पावसाळ्यात सारखी फुगत नाहीत आणि उन्हाळ्यात सारखी आकसत नाहीत. सगळी सरसाने घट्ट जखडली तर तडा जातो. म्हणून प्रत्येक प्राणी खाचेत बसवला आणि थोडी मोकळीक ठेवली.

पाचर सुटी आहे. मशिदीकडची आणि देवळाकडची मुलं ती उपसतात, पुन्हा बसवतात, माकडाचं काय झालं ते एकमेकांना रंगवून सांगतात. पुढे कधी त्यांच्या दोस्तीत कुणी पाचर मारायला आला, तर त्याची जात-धर्म न विचारता त्यांनी त्याच्यातला दमनक ओळखावा, एवढ्यासाठी ही मेहनत.