तात्सुकीचा राग

सध्या नातीबरोबर ‘ब्लीच’ ही जपानी ॲनिमे मालिका बघते आहे. ताइतो कुबो यांच्या चित्रकथेवरची, २००४ साली सुरू झालेली. नातीला तलवारवाला इचिगो आवडतो. मला त्याच्या वर्गातली तात्सुकी.

ही कराटेत तरबेज. लहानपणी दोघं एकत्र शिकायची आणि तिचा मार बसला की इचिगो रडायचा. ओरिहिमे तिची जिवलग. केसांवरून मुली ओरिहिमेला छळायच्या, तेव्हा तात्सुकी मध्ये पडली. त्या विश्वासावर ओरिहिमेने केस पुन्हा वाढवले.

पुढे ओरिहिमे नाहीशी होते. इचिगोला कारण ठाऊक असतं, पण तो तात्सुकीला दूरच ठेवतो. ती वर्गातच त्याला ठोसा लगावते. आपल्या घरांत मुलीने हात उचलला की आधी तिलाच बोलणी बसतात. मला मात्र त्या रागामागचं दुःख दिसलं. इतकी वर्षं पाठीशी उभी राहिली आणि संकटात तिलाच परकं केलं.

घराघरांतही आजारपण, कर्ज असंच लपवलं जातं, ‘तिला कशाला काळजी’ म्हणून. पण जिने साथ दिली, तिला मदत करता येवो न येवो, काळजी करण्याचा हक्क तिचा असतोच.